युरोस्टारने लंडन ते पॅरिस: गाडी झकास, पण खरी मजा स्टेशनच्या मागं

सांगली-मिरजेकडच्या बऱ्याच जणांची मुलं आता लंडनला आहेत आणि आईवडील तिकडं गेले की जोडून पॅरिस उरकायचा बेत ठरतोच ठरतो, तर अशा लोकांसाठी हे लिहितोय. विमान, बस की ट्रेन असं विचाराल तर डोळे झाकून ट्रेन, म्हणजे ही युरोस्टार. पण समुद्राखालनं जाते आणि ३०० च्या स्पीडने पळते म्हणून जाणार असाल तर आधीच सांगतो, त्यात बघायला फार काही नाही ओ. मला ट्रेन आवडली ती एवढ्यासाठी की ती तुम्हाला पॅरिसच्या अशा भागात नेऊन सोडते जिथं टूरवाल्यांची बस कधी थांबायची नाही, आणि आमच्या घरात सगळ्यांना तोच भाग लक्षात राहिलाय. आयफेल टॉवर नंतर.

आम्ही कोण ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठल्या नजरेने लिहिलाय ते कळेल. मी, आई, बाबा. लंडनला ताई-दाजी आहेत, तिकिटं दाजींनी काढली. बाबा मिरजेला रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, पुणे-मिरज लाइन डबल व्हायची वाट बघतच रिटायर झाले, त्यामुळं त्यांच्यासाठी ही ट्रिप नव्हती, इन्स्पेक्शन होतं. आईचे गुडघे दुखतात, जिना दिसला की ती आधी माझ्याकडं बघते. म्हणजे एकीकडं रेल्वेचा माणूस आणि दुसरीकडं जिने मोजणारी बाई, ह्यापेक्षा कडक परीक्षक मिळायचे नाहीत.

आधी व्हिसा. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, वेगळा काढावा लागतो, फी ९० युरो आणि वर सेंटरचा चार्ज. आम्हाला इथं एका एजंटने ऐटीत सांगितलेलं की ट्रेनने जाताय ना, मग बॉर्डरवर कोण बघतंय. असल्या माणसाच्या नादाला लागू नका. उलट ट्रेनमध्ये दोन्ही देशांचं चेकिंग गाडीत बसायच्या आधीच होतं, लंडनच्या स्टेशनमध्येच फ्रान्सचे पोलीस बसलेत आणि एन्ट्री तिथंच होते. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने फोटो आणि बोटांचे ठसे घ्यायची नवीन सिस्टिम टप्प्याटप्प्याने सुरू केलीय, त्यामुळं हातात भरपूर वेळ ठेवा. गेट गाडी सुटायच्या अर्धा तास आधी बंद होतं. पळत येऊन डब्याचा दांडा पकडायची सांगली स्टेशनची सवय इथं विसरायची.

गाडी सुटते सेंट पॅंक्रसवरनं आणि ह्या स्टेशनसाठी तरी एक तास जास्तीचा काढाच. बाहेरनं लाल विटांचा राजवाडाच वाटतो, ते खरं म्हणजे स्टेशनचं जुनं हॉटेल, आणि आत गेलात की १८६८ सालचं बार्लो नावाच्या इंजिनिअरचं लोखंडी छत, मधे एकही खांब नाही, सरळ ७३ मीटरची कमान. बाबा मान वर करून एवढा वेळ उभे की सिक्युरिटीवाला येऊन विचारून गेला, सब ठीक ना अशा अर्थाचं काहीतरी. फलाट वरच्या मजल्यावर आणि आपण वाट बघत बसतो ती जागा खाली, तळघरात. हे तळघर मुळात बिअरची पिंपं ठेवायला बांधलेलं, बर्टनहून रेल्वेने बिअर यायची आणि पिंपं नीट बसावीत त्या मापाने खालचे खांब ठोकलेत. दाजींनी हे सांगितल्यावर बाबा म्हणाले, "म्हणजे स्टेशन मास्तरपेक्षा पिंपाला मान होता." १९९४ ला ही सर्व्हिस सुरू झाली तेव्हा गाड्या लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरनं सुटायच्या, नोव्हेंबर २००७ पासून इथनं सुटतात.

सामानाचं एक फार बरं आहे. साध्या तिकिटावर दोन मोठ्या बॅगा आणि एक हातातली चालते, वजनकाटा नाही, बॅगेची लांबी ८५ सेंटिमीटरच्या आत पाहिजे एवढंच. आईच्या एका बॅगेत निम्मी जागा भडंगाने आणि दिवाळीच्या चकलीने घेतलेली, विमान असतं तर काट्यावर तोंड लपवायची वेळ आली असती. बॅगा मात्र आपल्या आपणच चढवायच्या.

आता गाडी. सोळा डबे, लांबी ४०० मीटर, जवळजवळ ९०० सीट. सीट काढताना नकाशात खिडकी बघून काढा कारण काही सीटना खिडकीच्या जागी मधला खांब येतो. बाकी आत शांत, टॉयलेट स्वच्छ, कॅफेचा डबा आहे, घरचं खायला कोण अडवत नाही. सव्वादोन तासात पॅरिस, तेवढ्या वेळात आपली गाडी सांगलीहून साताऱ्यापर्यंत पोचते. घड्याळ मात्र एक तास पुढं जातं, त्यामुळं जाताना तास हरवतो आणि येताना परत मिळतो, हे हॉटेलच्या चेक-इनचा हिशोब करताना ध्यानात ठेवा.

बोगद्याबद्दल लोकांच्या काय काय कल्पना असतात. आईने अगदी खरोखर विचारलं, मासे दिसतील काय. काही दिसत नाही. ५० किलोमीटरचा बोगदा, त्यातला ३८ किलोमीटरच्या आसपास समुद्राखाली, आणि समुद्राखाली म्हणजे पाण्यातनं नाही तर तळाच्याही खाली खडूच्या मऊ खडकातनं खणलाय. कानात दडे बसतात, खिडकीत आपलंच तोंड दिसतं, वीस मिनिटांनी उजेड येतो, संपलं. गाडी आत १६० ने चालते म्हणे, कळत काही नाही. बाबांना मात्र बोगदा एक नाही, तीन आहेत ह्यातच इंटरेस्ट. दोन रुळांचे आणि मधला सर्व्हिसचा, आणि दर ३७५ मीटरला मधल्या बोगद्यात जायला वाट, काही झालं तर माणसं मधल्या बोगद्यात काढायची. "हे महत्त्वाचं," म्हणाले, "बाकी पळणं काय, कुणी पण पळवंल."

पण बाबा खरे गप्प झाले ते बोगद्याच्या आधीच. बराच वेळ खिडकीला नाक लावून बाहेर बघत होते, मला वाटलं शेतं बघतायत. मग म्हणाले, "सिग्नल कुठाय?" आणि खरंच नाही. ह्या हाय-स्पीड लाइनला आपल्याकडचे लाल-पिवळे-हिरवे दिवे नाहीतच, कारण ३०० च्या स्पीडला ड्रायव्हरला बाहेरचा दिवा नीट दिसून समजायचा नाही, म्हणून किती स्पीडने जायचं ते थेट त्याच्या केबिनमध्ये समोर उमटतं. रुळाच्या कडेला फक्त निळ्या चौकोनात पिवळा त्रिकोण असलेल्या छोट्या पाट्या, कुठं ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकाच गाडीला द्यायचा रुळाचा तुकडा, संपला ते दाखवायला. ती पाटी दिसली की बाबा मांडीवर टिचकी मारायचे, टिचक्यांमधली वेळ मोजायचे आणि स्वतःशीच काहीतरी आकडे पुटपुटायचे. आयुष्य ज्या दिव्यांच्या मागं काढलं ते दिवेच इथं काढून टाकलेत, असं मला वाटलं वाईट वाटेल त्यांना, पण छे, खूश एकदम. वर तारेत २५ हजार व्होल्ट आपल्याच सारखे, रूळ मात्र आपल्यापेक्षा अरुंद, आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आणि ह्यांचा १४३५. आणि अजून एक शोध लावला त्यांनी. फ्रान्समध्ये मोटारी रस्त्याच्या उजवीकडनं चालतात पण रेल्वे डावीकडनं, आपल्यासारखी. पॅरिसची मेट्रो परत उजवीकडनं. हे गाईडच्या पुस्तकात असेल नसेल, आमच्याकडं बाबा आहेत.

फ्रान्समध्ये निघाल्यावर बाहेर सपाट माळ, पवनचक्क्या, आणि बराच पल्ला हायवे अगदी शेजारनं जातो, तिथं कळतो स्पीड, कारण जोरात चाललेल्या मोटारी मागं मागं सरकत जाताना दिसतात. आणि शेताच्या बांधाला लांबच लांब मातकट-पांढरे ढीग. मला आधी दगड वाटले. ते साखरेचं बीट. उत्तर फ्रान्स म्हणजे ह्यांचा साखर पट्टा, ऊस नाहीच, जमिनीतला कंद उपटून साखर काढतात, नेपोलियनच्या काळात समुद्रावरनं येणारी उसाची साखर तुटली तेव्हा सरकारने हा धंदा जोरात वाढवला. ह्यांचा पण सीझन साधारण सप्टेंबरपासून थंडीपर्यंत, म्हणजे आपला गळीत हंगाम सुरू व्हायच्या जरासा आधीच. इथं वाळवा-पलूसकडचं कुणी असेल तर दिवाळीच्या सुमाराला जा, खिडकीतनं बघायला मजा येईल. दर किती मिळतो असं बाबांनी समोरच्या फ्रेंच माणसाला विचारायला लावलं मला. तो बँकेतला निघाला.

आणि मग गार द नॉर, ही गाडी थांबते ते पॅरिसचं स्टेशन. आता मुद्द्यावर येतो. हे युरोपातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन, रिव्ह्यू बघाल तर लोक नावं ठेवतात, घाण आहे, खिसेकापू आहेत, जपून राहा. खिसेकापू आहेत, खोटं कशाला बोलू, बॅग पोटाशी धरा, आणि कागद पुढं करून सही मागणाऱ्या पोरी आल्या तर न थांबता चालत राहा. टॉयलेटला पैसे पडतात, ते गाडीतच उरकून घ्या. पण मला वाटतं परदेशातल्या राजधानीत पहिल्यांदा पाय ठेवायला ह्याच्यासारखी जागा नाही. एअरपोर्टवर उतरलं की सगळी शहरं एकच, तीच काच, तीच परफ्यूमची दुकानं. इथं फलाटावर उतरून शंभर पावलं गेलात की कामावर निघालेलं पॅरिस अंगावर येतं, आणि स्टेशनच्या बाहेर मिरज जंक्शनच्या दारात असते तशीच सगळ्या मुलखांतल्या माणसांची खिचडी. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडून मागं वळून दर्शनी भिंत नक्की बघा. १८६० च्या दशकातली इमारत आहे, वर बायकांचे २३ पुतळे आहेत आणि एकेक पुतळा म्हणजे एकेक शहर, रेल्वे जिथं जिथं जाते ती गावं. मधोमध सगळ्यात उंचावर पॅरिस, शेजारच्यात लंडन, बर्लिन वगैरे. आईचं म्हणणं, मिरजेला अशी मूर्ती केली तर कुर्डुवाडीची पण करायला पाहिजे.

आता सगळे टॅक्सी पकडून हॉटेलकडं पळतात. तुम्ही पळू नका. स्टेशनला वळसा घालून उत्तरेकडं ला शापेल मेट्रोच्या दिशेने दहा मिनिटं चाला. फोबूर सॅं-देनी नावाचा रस्ता आहे, त्याच्या वरच्या टोकाला पाट्या फ्रेंचमध्ये आणि खाली तमिळमध्ये. श्रीलंकेत १९८० च्या दशकात युद्ध पेटलं तेव्हा तिथनं निघालेले तमिळ लोक इथं येऊन वसले, आता लोक ह्या भागाला लिटिल जाफनाच म्हणतात. साड्यांची दुकानं, सोन्याची दुकानं, फोटो स्टुडिओ, केळीची पानं, कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, सगळं आहे. आईला परदेशात आल्यापासून पहिल्यांदा बोलायला माणूस मिळालं, भाषा येत नाही ते सोडा, वांगी निवडताना भाषा लागत नाही. हळदीचं पाकीट हातात घेऊन वास घेतला, रंग बघितला, दुकानदार बाईला मानेनेच "हं, बरी आहे" असं सर्टिफिकेट दिलं आणि ठेवून दिलं. सांगलीच्या बाईला हळद विकणं सोपं नाही.

तिथनं पुढं पाझोल नावाच्या रस्त्यावर गणपतीचं देऊळ आहे, माणिक विनायकर आलयम, १९८५ पासूनचं. बाहेरनं साधी इमारत, कळस वगैरे शोधत बसाल तर सापडणार नाही, चपलांचा ढीग बघून ओळखायचं. आत गेल्यावर मात्र उदबत्ती, तेलाचे दिवे, काळ्या दगडाची मूर्ती, घंटा. आम्ही सांगलीकर, संस्थानच्या गणपतीला हात जोडल्याशिवाय गावाबाहेर न पडणारे, त्यात दिवाळीचे दिवस. आईचा पॅरिसचा सगळा खर्च तिथंच वसूल झाला. दरवर्षी ऑगस्ट अखेरीला किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला इथनं गणपतीचा रथ निघतो, रस्त्यावर नारळांच्या राशी लावून फोडतात, आणि अख्ख्या एरियातले फ्रेंच लोक बघायला येतात. बाबा म्हणाले पुढच्या वेळी तेव्हाच यायचं, मी म्हटलं तेव्हा आपल्या गल्लीत वर्गणी कोण गोळा करणार.

जवळच एका साध्या हॉटेलात डोसा खाल्ला, नाव लक्षात नाही, टेबल चिकट होतं, सांबार झणझणीत. त्याच्या उलट दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका भारी दिसणाऱ्या कॅफेत चहा घेतला, गरम पाण्याचा कप आणि बाजूला पुडी, बिल बघून बाबांनी चष्मा पुसून परत बघितलं. नदीकाठी बसायचं तर ब्रेड घेऊन कट्ट्यावर बसा. कुठल्याही बेकरीत "त्रादिस्यॉं" म्हणून मागा, म्हणजे कणीक न गोठवता आणि कसलंही अ‍ॅडिटिव्ह न घालता केलेला लांब ब्रेड मिळतो, १९९३ पासून तसा सरकारी नियमच आहे. भडंगाबरोबर चांगला लागतो, खोटं वाटलं तर खाऊन बघा. ज्यूंच्या जुन्या वस्तीत, रोझिए रस्त्यावर, फलाफल पण मस्त आणि शाकाहारी. चीजचं एक, काटेकोर शाकाहारी असाल तर विचारून घ्या, बऱ्याच जुन्या पद्धतीच्या फ्रेंच चीजला दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट लागतं. हे ऐकल्यावर आईने चीजकडं पाठच फिरवली.

फिरायचं कसं, तर मेट्रो म्हातारी माणसं बरोबर असतील तर टाळा. १९०० सालची मेट्रो, ३०० च्या वर स्टेशनं, कुठंही पोचवते, पण लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाहीच आणि लाइन बदलायची म्हणजे चढ, उतार, परत चढ. १४ नंबरची लाइन तेवढी नवीन, १९९८ ची, तिथं सगळीकडं लिफ्ट आहे आणि गाडीला ड्रायव्हर नाही, सगळ्यात पुढं उभं राहून बोगदा बघता येतो. बाबांना तिथनं ओढून काढावं लागलं. आईसाठी बस. ऑपेरा, कॉन्कॉर्डचा चौक असं करत जाणारी साधी बस धरा, दोन युरोच्या आसपास तिकीट, खिडकीची जागा मिळाली की झाली सिटी टूर. हॉप-ऑन टूर बसवाल्यांना त्याच्यासाठी कशाला कितीतरी पट पैसे द्यायचे?

आयफेल टॉवर बघितला. १८८९ चा आहे, ३३० मीटर उंच आहे, फोटोत दिसतो तसाच आहे. रात्री दर तासाला चमचम करतो तेवढा बघा. नोत्र दाम २०१९ ला जळालं ते दुरुस्त करून डिसेंबर २०२४ ला उघडलंय, आत इतकं उजळ की जुनं चर्च वाटतच नाही, तिकीट नाही, रांग पटपट सरकते. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, आम्हाला जायचंच नव्हतं.

जायचं होतं ते ओर्से म्युझियमला, आणि ते पण आपल्या विषयातलंच निघालं. मूळचं रेल्वे स्टेशन. १९०० च्या जागतिक प्रदर्शनासाठी विजेवरच्या गाड्यांकरता बांधलं, पण गाड्या लांब होत गेल्या आणि फलाट आखूड पडला, १९३९ पर्यंत लांबच्या गाड्या बंद झाल्या. पुढं पाडायचं पण ठरत होतं, मग १९८६ ला म्युझियम झालं. बाबांनी व्हॅन गॉग, मोने सगळ्यांच्या समोरनं आदबीने चालत जाऊन त्या भल्यामोठ्या घड्याळाखाली बैठक मारली आणि फलाट कुठनं कुठपर्यंत असेल ते मला पावलांनी मोजायला लावलं. मला मोनेची स्टेशनातल्या वाफेची चित्रं माहीत होती, त्यातलं तिथलं दाखवल्यावर मात्र जवळ गेले, "वाफेचं इंजिन उभं असताना असाच धूर वर कोंडतो" म्हणाले आणि पुढं गेले. सोमवारी बंद असतं, बाकी सोडू नका.

पॅरिसच्याच मॉंपारनास स्टेशनला पण बाबांना जायचं होतं, कारण १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये तिथं ब्रेक न लागून गाडी बफर, फलाट आणि भिंत फोडून बाहेर आली आणि इंजिन खाली रस्त्यावर नाकावर उभं राहिलं, तो फोटो रेल्वेच्या प्रत्येक माणसाने कधी ना कधी बघितलेला असतो. खाली पेपर विकणारी एक बाई त्यात गेली. पण ते जुनं स्टेशन आता नाहीच, १९६० च्या दशकात पाडून नवीन केलंय, आईचे गुडघे त्या दिवशी बोलायला लागलेले, म्हणून कॅन्सल.

तिकिटाचं सांगायचं राहिलं. दोन-तीन महिने आधी काढलं तर परवडतं, आयत्या वेळी एका बाजूला २०० पौंडांच्या वर पण जातं, त्यामुळं शेंगेन हातात पडला की त्याच दिवशी काढा. मधल्या वारी, दुपारच्या गाड्या स्वस्त असतात.

परतीला गार द नॉरवर युरोस्टारचं वरच्या मजल्यावर वेगळं दालन आहे. तिथं फ्रान्सचं बाहेर पडायचं चेकिंग आणि लगेच पुढं ब्रिटनची इमिग्रेशन, म्हणजे लंडनला उतरलं की थेट रस्त्यावर. ब्रिटनचा ऑफिसर आईला एकटीला बाजूला घेऊन किती दिवस राहणार, कुणाकडं राहणार विचारत होता, तर ताईचा पत्ता लिहिलेला कागद आईवडिलांच्या पर्समध्ये देऊन ठेवा. खाण्याचं पण बघा. जाताना पेढे, बर्फी असलं दुधाचं काही ब्रिटनमधनं फ्रान्सला न्यायला बंदी आहे, आणि येताना एप्रिल २०२५ पासून मटण-चिकन सोडाच, चीज-बटर पण ब्रिटनमध्ये आणता येत नाही. दाजींनी मागवलेलं चीज त्यामुळं दुकानातच राहिलं, ब्रेड तेवढा आणला. भडंग दोन्हीकडं चालतं.